डाळिंबाचा प्रयोग: आर आणि एसपीएसएसची उत्तरं जुळत नाहीत, कोणती पॅकेजेस घ्यावीत?

सांगोला_भगवा (प्रश्न)

नमस्कार. मी डाळिंबावरच्या तेल्या रोगावर पीएचडी करतेय. मूळची सांगोला तालुक्यातली, सध्या जुळे सोलापुरात राहते. प्रयोग एका शेतकऱ्याच्या बागेत घेतलाय. भगवा वाण, मृग बहार, आरबीडी (बाग ब्लॉकमध्ये विभागून प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटायची मांडणी). ७ ट्रीटमेंट (कॉपर ऑक्सिक्लोराईड, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क वगैरे, आणि एक नुसत्या पाण्याची कंट्रोल) आणि ४ रेप्लिकेशन (रेप, म्हणजेच ब्लॉक). प्रत्येक प्लॉटमधली एकूण फळं आणि तेल्याचे डाग पडलेली फळं मोजली, त्यावरून टक्केवारी काढली, आणि पद्धतीप्रमाणे आर्कसाईन ट्रान्सफॉर्मेशन (टक्केवारी बदलून घ्यायचं एक सूत्र) केलं.

मर रोगाने दोन प्लॉटची झाडं गेली. टी३ चा दुसऱ्या रेपमधला प्लॉट आणि टी६ चा चौथ्या रेपमधला. म्हणजे २८ पैकी २६ प्लॉटचा डेटा हातात आहे.

विभागात एसपीएसएस (संख्याशास्त्राचं विकतचं सॉफ्टवेअर) एकाच संगणकावर आहे आणि त्यावर कायम नंबर लागलेला असतो. म्हणून घरी लॅपटॉपवर आर हे फुकटचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं. मॉडेल असं लिहिलं (एओव्ही म्हणजे व्हेरियन्सचं विश्लेषण):

एओव्ही(डाग ~ ट्रीटमेंट + रेप)

ट्रीटमेंटचा एफ (ट्रीटमेंटमधला फरक खरा आहे का हे तपासायचा आकडा) आरमध्ये ५.०२ येतो आणि एसपीएसएसमध्ये ४.३७. एररची ओळ मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे, डीएफ (स्वातंत्र्य मात्रा) १६ आणि मीन स्क्वेअरही तोच. एवढं जुळतंय तर बाकीचं का जुळत नाही हे कळेना. गाईड म्हणतात, फुकटच्या सॉफ्टवेअरवर प्रबंध उभा करू नको.

दुसरं म्हणजे पॅकेजेस, म्हणजे आरमध्ये वरून घालायचे फंक्शन्सचे संच. इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी अ‍ॅग्रिकोली, कुणी टायडीव्हर्स, कुणी एलएमई४, कुणी कार. वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत म्हणे. माझ्या कामाला नेमकी कोणती लागतील? आणि इन्स्टॉल करताना मध्येच एक प्रश्न येतो, सोर्समधून कंपाईल करायचं का म्हणून. हो म्हटलं की लाल अक्षरात एरर येऊन सगळं थांबतं.

---

विजापूररोड_कोडर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तो प्रश्न आला की "नाही" म्हणा. विंडोजसाठी क्रॅनवर (आरच्या पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) पॅकेजेस तयार, बांधलेल्या रूपात ठेवलेली असतात. एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती नुकतीच आलेली असते, तिचा फक्त सोर्स वर चढलेला असतो आणि बांधलेली प्रत एखाददोन दिवसांनी येते. त्या मधल्या काळात आर विचारतं की सोर्स घेऊन इथेच बांधू का. त्यासाठी आरटूल्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते तुमच्याकडे नसणार, म्हणून एरर. "नाही" म्हटलं की आधीची बांधलेली आवृत्ती येते आणि तुमच्या कामाला ती पुरेशी आहे.

इन्स्टॉल एकदाच करायचं, लायब्ररी मात्र आर उघडाल तेव्हा दर वेळी म्हणायची. आणि आरची आवृत्ती ४.३ वरून ४.४ अशी बदललीत तर पॅकेजेस पुन्हा घालावी लागतात, कारण विंडोजवर प्रत्येक अशा आवृत्तीचं फोल्डर वेगळं असतं. प्रबंध हातात असेपर्यंत आवृत्ती बदलू नका.

---

अशोकचौक_मॅडम

मी संख्याशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचं घर पूर्व भागात, मागांच्या गल्लीत. पण कृषीच्या मुलामुलींचे आरबीडी आणि स्प्लिट प्लॉट पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुला अगं-तुगं करते, चालेल ना?

तुझ्या प्रश्नात एक वाक्य फार मोलाचं आहे: एररची ओळ दोन्हीकडे सारखी. याचा अर्थ दोन्ही सॉफ्टवेअरनी एकच मॉडेल बसवलं आहे. हिशोबात चूक कुणाचीच नाही. फरक आहे तो ट्रीटमेंट आणि रेप यांच्या वाट्याला किती वर्ग-बेरीज (सम ऑफ स्क्वेअर्स, म्हणजे आकड्यांमधल्या एकूण फरकाचा हिस्सा) द्यायची यात.

आरचं एओव्ही वर्ग-बेरीज क्रमाने वाटतं, याला टाईप १ म्हणतात. तू ट्रीटमेंट आधी लिहिलंस. त्यामुळे रेपकडे न बघता जेवढा फरक ट्रीटमेंटच्या नावावर जाऊ शकतो तेवढा आधी ट्रीटमेंटला गेला, आणि उरलेल्यातून रेपला मिळालं. एसपीएसएसचं जनरल लिनियर मॉडेल आपणहून टाईप ३ देतं. तिथे ट्रीटमेंटचा वाटा रेपचा परिणाम बाजूला काढून मोजला जातो. सगळे २८ प्लॉट शाबूत असते तर दोन्ही उत्तरं एकच आली असती, कारण संतुलित आरबीडीत ट्रीटमेंट आणि रेप एकमेकांच्या वाट्यात शिरत नाहीत. दोन प्लॉट गेले आणि ते संतुलन मोडलं.

आता हे करून बघ:

एओव्ही(डाग ~ रेप + ट्रीटमेंट)

फक्त क्रम बदलायचा. ब्लॉक आधी, ट्रीटमेंट शेवटी. तुझ्या मॉडेलमध्ये इंटरॅक्शन (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं) नाही, म्हणून शेवटी लिहिलेल्या घटकाचा टाईप १, टाईप २ आणि टाईप ३ एकच असतो. ४.३७ यायला हवं. नाही आलं तर इथे सांग.

लक्षात घे, यासाठी एकही पॅकेज लागलं नाही. एओव्ही, एलएम, जीएलएम, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, शापिरो, क्रुस्कल-वॉलिस हे सगळं आरच्या मूळ स्टॅट्स भागात आहे आणि आर घातलं की आपोआप येतं. त्याशिवाय मास, एनएलएमई, सर्व्हायव्हल, लॅटिस, एमजीसीव्ही अशी काही शिफारस केलेली पॅकेजेसही आरसोबतच येतात. मुलं आधी चाळीस पॅकेजेस घालतात आणि मग त्यांच्यात प्रश्न शोधायला लागतात. मला हे मनापासून खटकतं. प्रयोगाची मांडणी कागदावर काढ, डीएफची ओळ हाताने लिही (तुझी: रेप ३, ट्रीटमेंट ६, एरर १६, एकूण २५), आणि मग बघ की मूळ आरमध्ये काय होत नाही. जे होत नाही तेवढ्यापुरतं पॅकेज घे.

हाताने डीएफ लिहायला सांगते त्याला कारण आहे. ट्रीटमेंटचे कोड १, २, ३ असे भरलेले असतील आणि त्यांना फॅक्टर (म्हणजे गटांची नावं) केलं नसेल, तर आर त्यांना मोजमाप समजतं आणि ट्रीटमेंटची डीएफ ६ ऐवजी १ येते. एफ आणि पी छापून येतात, तक्ता अगदी व्यवस्थित दिसतो, आणि सगळंच निरर्थक असतं. तुझी एरर डीएफ १६ आहे, म्हणजे तू फॅक्टर बरोबर केले आहेत.

गाईडच्या शंकेबद्दल. शंका घेणं त्यांचं कामच आहे, फक्त ती नेमकी कुठे घ्यायची ते सांगते. आर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलं. त्याच्या आधीची एस भाषा अमेरिकेतल्या बेल लॅब्समधली. १९९७ पासून क्रॅन हे पॅकेजेसचं भांडार चालू आहे आणि २९ फेब्रुवारी २००० ला १.० आवृत्ती आली. मूळ आर एक ठरावीक गट सांभाळतो आणि जगभरातले संख्याशास्त्रज्ञ ते वापरतात, तपासतात. एलएम किंवा एओव्हीच्या आकड्यावर मी डोळे मिटून सही करीन.

पॅकेजची गोष्ट वेगळी आहे. क्रॅनवर पॅकेज घेण्याआधी तपासणी होते, पण ती कशाची? ते नीट बांधलं जातं का, त्यातली उदाहरणं चालतात का, मदतीची पानं पुरी आहेत का, याची. आतलं संख्याशास्त्र बरोबर आहे का हे क्रॅन तपासत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची, आणि वापरणारीचीही. म्हणून नवं पॅकेज घेतलं की एमएस्सीच्या वहीतलं हाताने सोडवलेलं एखादं जुनं उदाहरण त्यात घालायचं आणि उत्तर जुळतं का बघायचं. गाईडसमोर हे उदाहरण करून दाखव. त्यांचा विश्वास बसेल, आणि तुझाही बसेल.

---

सिव्हिल_रेसिडेंट

मॅडमच्या उत्तराला जोडून एक. आम्ही मेडिकलवाले थिसिस करताना हेच भोगतो. २×२ तक्त्याचा काय-स्क्वेअर आरमध्ये काढला की आर आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं, म्हणून आकडा लहान येतो. एसपीएसएस दुरुस्तीसह आणि दुरुस्तीशिवाय दोन्ही दाखवतं आणि बहुतेक जण वरची, दुरुस्तीशिवायची ओळ उचलतात. तसंच टी-टेस्ट. आरमध्ये डिफॉल्ट वेल्चची, दोन गटांचे व्हेरियन्स सारखे न मानणारी. एसपीएसएस दोन्ही ओळी छापतं.

पर्सेंटाईलचंही तेच. आरच्या क्वांटाईलमध्ये नऊ पद्धती आहेत, डिफॉल्ट सातवी. एसपीएसएसशी जुळवायचं तर टाईप = ६ लिहायचं. आमच्याकडे एकीचा इंटरक्वार्टाईल रेंज जुळत नव्हता, तो या एका शब्दाने जुळला.

---

सांगोला_भगवा

मॅडम, अगं-तुगंच म्हणा. क्रम बदलला आणि ४.३७ आलं! गाईडना लगेच दाखवलं. त्यांनी चष्मा काढून दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले आणि "बरं, पुढचं दाखव" म्हणाले. आमच्याकडे ही मोठी परवानगी आहे.

आता पुढचं अडलंय. अ‍ॅग्रिकोलीमधून एलएसडी (दोन सरासऱ्यांत किमान किती फरक असला म्हणजे तो खरा धरायचा तो आकडा, यालाच सीडी म्हणतात) काढली, ए, बी, सी अशी अक्षरं आली. त्यात टी६ सगळ्यात वरच्या गटात आली, बोर्डोच्याही पुढे. बागेत पाहताना मला टी६ कधीच इतकी चांगली वाटली नव्हती. गाईड म्हणतात, सीडी एकच आकडा दे, आणि गेलेल्या दोन प्लॉटचे आकडे मिसिंग प्लॉटच्या सूत्राने भरून घे.

शिवाय आर्कसाईनबद्दल एका परीक्षकाने सेमिनारमध्ये विचारलं होतं की आता हे कशाला करता. त्याचं उत्तर देता आलं नाही.

---

अशोकचौक_मॅडम

तुझ्या डोळ्यांना बागेत जे दिसलं ते बरोबर आहे. टी६ वर का गेली ते आकड्यांनी सांगते.

चौथं रेप कुठल्या बाजूला आहे? तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की ती बाजू सखल असेल, पाणी साचत असेल आणि तिथे तेल्या जास्त असेल. समज, तीन रेपमध्ये टी६ चे डाग २४, २६, २५ टक्के आहेत आणि चौथ्यात प्लॉटच नाही. सरासरी २५. दुसऱ्या एका ट्रीटमेंटचे तीन रेपमध्ये २३, २५, २४ आणि चौथ्यात ३८. तिची सरासरी २७.५. आता सांग, चांगली कोणती? पहिल्या तिन्ही रेपमध्ये दुसरी ट्रीटमेंट सरस आहे. पण जिथे रोग जास्त होता त्या जागेची परीक्षा टी६ ने दिलीच नाही, म्हणून ती पुढे दिसते.

अ‍ॅग्रिकोलीचं एलएसडी आणि एचएसडी (ट्यूकीची तशीच चाचणी) या साध्या सरासऱ्यांवर चालतं. पॅकेज चांगलं आहे. पेरूमधल्या ला मोलिना कृषी विद्यापीठातल्या फेलिपे दे मेंडिबुरू यांनी शेतीच्या प्रयोगांसाठीच ते बांधलं. प्रयोगाची मांडणी रँडम करून द्यायला मी आजही तेच वापरते. आरबीडी, लॅटिन स्क्वेअर, स्प्लिट प्लॉट, ऑगमेंटेड, अल्फा, सगळ्यांचे आराखडे त्यातून निघतात. संतुलित डेटावर त्याची अक्षरंही बिनधास्त घ्यावीत. तुझा डेटा संतुलित नाही, एवढंच.

तुला लागेल ते ईएम-मीन्स. रसेल लेंथ यांचं. मॉडेल द्यायचं, ट्रीटमेंटचं नाव द्यायचं, आणि ते प्रत्येक ट्रीटमेंटची समायोजित सरासरी देतं, म्हणजे सगळ्या ट्रीटमेंट चारही रेपमध्ये असत्या तर मॉडेलच्या मते किती आली असती ती. टी६ चा आकडा चौथ्या रेपचा विचार करून वर सरकेल. हे आधी करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवून नको.

त्यानंतर पेअर्स म्हण. तुलनांची यादी येईल, प्रत्येक तुलनेसमोर तिचा स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता). पेअर्स आपणहून ट्यूकीची दुरुस्ती (एकदम अनेक तुलना केल्याबद्दलची) लावतं. गाईडना सीडी म्हणजे एलएसडी हवी आहे, म्हणून अ‍ॅडजस्ट = "नन" लिही. आणि इथेच दिसेल की सीडी एकच आकडा का देता येत नाही. ज्या जोडीत टी३ किंवा टी६ आहे तिचा स्टँडर्ड एरर बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. एरर डीएफ १६ ला ५ टक्क्यांचं टी मूल्य २.१२०. त्याने प्रत्येक स्टँडर्ड एररला गुणलं की त्या जोडीची सीडी मिळते. प्रबंधात तक्त्याखाली वेगवेगळ्या सीडी दे: पूर्ण ट्रीटमेंटमधली, एक अपूर्ण असलेली, आणि टी३ विरुद्ध टी६ ची. जुन्या प्रबंधांत मिसिंग प्लॉट असला की असंच दिलेलं सापडेल. गाईडना हे परकं वाटणार नाही.

मिसिंग प्लॉटचं सूत्र येट्सने १९३३ मध्ये दिलं. हाताने किंवा फिरवायच्या यंत्रावर हिशोब करायचा तो काळ. असंतुलित तक्ता सोडवणं फार जिकिरीचं होतं, म्हणून रिकामी जागा अशा आकड्याने भरायची की एरर वाढू नये, आणि मग संतुलित तक्त्याची सोपी पद्धत लावायची. त्यात भरलेल्या प्रत्येक आकड्यामागे एररची एक डीएफ कमी करावी लागते आणि ट्रीटमेंटची वर्ग-बेरीज जरा फुगते, तिचीही दुरुस्ती करावी लागते. या दोन गोष्टी विसरून नुसते आकडे भरून २८ प्लॉटचं विश्लेषण केलं, तर एरर डीएफ १८ येते आणि खोटी खात्री मिळते. मॉडेल जर २६ प्लॉटवर सरळ चालतंय, तर भरायचं कशाला? गाईडना आदराने हेच सांग. येट्सच्या सूत्रातून सगळ्या दुरुस्त्या करून जो एफ येतो तो आणि तुझा ४.३७ एकच असतात. वेळ असेल तर त्यांच्यासमोर दोन्ही करून दाखव.

आता आर्कसाईन. तो परीक्षक बरोबर विचारत होता. आर्कसाईनचा हेतू एवढाच की टक्केवारीचं व्हेरियन्स सगळीकडे सारखं व्हावं, म्हणजे एओव्ही लावता येईल. पण तुझ्याकडे नुसती टक्केवारी नाही, तुझ्याकडे मोजणी आहे. इतक्या फळांपैकी इतकी डागी. त्या मोजणीसाठीच बायनॉमिअल मॉडेल आहे आणि ते जीएलएमच्या रूपाने मूळ आरमध्ये बसलेलं आहे. वॉर्टन आणि हुई यांनी २०११ मध्ये इकॉलॉजी नियतकालिकात हाच मुद्दा मांडला आणि मोजणीतून आलेल्या टक्केवारीसाठी लॉजिस्टिक मॉडेल सुचवलं. असं लिही:

जीएलएम(सीबाइंड(डागी, निरोगी) ~ रेप + ट्रीटमेंट, फॅमिली = क्वासीबायनॉमिअल)

क्वासी का? एका झाडावरची फळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पावसाच्या थेंबांनी जिवाणू एका फळावरून शेजारच्या फळावर उडतो. एका झाडाला लागण झाली की त्या झाडाची निम्मी फळं डागी, शेजारचं झाड स्वच्छ. साधा बायनॉमिअल प्रत्येक फळाला स्वतंत्र साक्षीदार धरतो आणि स्टँडर्ड एरर फार लहान देतो. रेसिड्युअल डीव्हियन्सला १६ ने भाग. उत्तर १ च्या खूप वर असेल तर क्वासी हवंच. मग एनोव्हामध्ये टेस्ट = "एफ" लिही. इथेही रेप आधी आणि ट्रीटमेंट शेवटी.

मोजणी झाडागणिक लिहिलेली असेल (वहीत नक्की असेल, तुम्ही मुली वह्या जपता), तर पुढची पायरी एलएमई४. त्यात झाड आणि प्लॉट रँडम धरता येतात. त्या पॅकेजचं एलएमईआर टी देतं पण पी देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही, डग्लस बेट्स यांनी विचार करून तसं ठेवलं आहे, कारण असंतुलित मिश्र मॉडेलमध्ये डीएफ किती धरायची यावर एकमत नाही. पी हवाच असेल तर एलएमईआरटेस्ट नावाचं वेगळं पॅकेज आहे. पण तुझ्या या प्रयोगाला क्वासीबायनॉमिअल पुरे. एलएमई४ पुढच्या वर्षीच्या दोन ठिकाणच्या प्रयोगासाठी राखून ठेव.

तर तुझी यादी: एक्सेल वाचायला रीडएक्सएल, समायोजित सरासऱ्यांना ईएम-मीन्स, चित्राला जीजीप्लॉट२. कार पॅकेज लागेल ते इंटरॅक्शन असलेल्या असंतुलित प्रयोगात टाईप २ किंवा ३ काढायला, आणि टाईप ३ काढताना आधी कॉन्ट्रास्ट बेरजेचे म्हणजे कॉन्ट्र-सम करावे लागतात, नाहीतर आकडे चुकतात. तुला आत्ता ते नको.

अक्षरांचा हट्ट असेल तर मल्टकॉम्पमधलं सीएलडी आहे. लेंथ स्वतः अशा अक्षरांच्या विरोधात आहेत. दोन ट्रीटमेंटना एकच अक्षर मिळालं की वाचणारे त्यांना "सारख्या" समजतात, आणि खरं तर फक्त फरक सिद्ध झालेला नसतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण आपल्याकडे अक्षरांशिवाय तक्ता स्वीकारत नाहीत हेही मला माहीत आहे, म्हणून अक्षरं दे आणि शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हलही दे.

---

सांगोला_भगवा

मॅडम, चौथं रेप खरंच उताराच्या खालच्या बाजूला आहे. ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक, पावसाचं पाणी तिथेच थांबतं. समायोजित सरासरीत टी६ चौथ्या क्रमांकावर गेली आणि बोर्डो वर आलं. बागेत दिसलं होतं तसंच. वहीत मोजणी झाडागणिक आहे, पण आत्ता क्वासीबायनॉमिअलवरच थांबते.

दोन अडचणी राहिल्यात. मल्टकॉम्प घातल्यापासून डीप्लायर पॅकेजचं सिलेक्ट (हवे ते कॉलम निवडायचं फंक्शन) चालेनासं झालंय, "अनयूज्ड आर्ग्युमेंट" म्हणून एरर येतो. आणि गावात शेतकऱ्यांच्या बैठकीत दाखवायला मराठीत आलेख करतेय, तर कधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात, कधी "निंबोळी"ची वेलांटी भलतीकडे जाते.

---

विजापूररोड_कोडर

दोन्ही माझ्या हद्दीतलं.

मल्टकॉम्प आपल्यासोबत मासला उघडतं आणि मासमध्येही सिलेक्ट नावाचं फंक्शन आहे. नंतर उघडलेलं पॅकेज आधीच्याला झाकतं. लायब्ररी म्हटल्यावर "मास्क्ड" असं लिहिलेल्या ओळी येतात त्या हेच सांगत असतात, त्या वाचत जा. उपाय: पॅकेजचं नाव पुढे लावून डीप्लायर::सिलेक्ट असं लिहा. फिल्टरचंही तसंच आहे, मूळ स्टॅट्समध्ये एक फिल्टर आहे आणि डीप्लायरमध्ये दुसरं.

मराठी अक्षरांसाठी आर ४.२.० किंवा पुढचं हवं. २०२२ च्या त्या आवृत्तीपासून विंडोजवर आर आतून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) वापरतं, त्याआधी देवनागरी कॉलमची नावं कंसातल्या कोडसारखी दिसायची. चौकोन येतात ते फॉन्टमुळे. नोटो सॅन्स देवनागरी घाला, किंवा विंडोजमधला निर्मला यूआय चालतो, आणि जीजीप्लॉटच्या थीममध्ये त्याचं नाव द्या. वेलांटी आणि जोडाक्षरांसाठी रॅग नावाचं पॅकेज घाला. ते अक्षरं नीट जुळवून काढतं. आरस्टुडिओमध्ये ग्लोबल ऑप्शन्समध्ये जनरल, तिथे ग्राफिक्स, आणि बॅकएंड एजीजी निवडा. रॅग असलं की जीजीसेव्ह पीएनजी काढताना आपोआप तेच वापरतं.

आणखी एक तपासा. बागेतली मोजणी कुणी मोबाईलवर मराठी कीबोर्डने भरली असेल तर आकडे देवनागरीत गेले असतील. आपल्याला ४५ दिसतं, आर त्याला मजकूर समजतं आणि नंबर करायला गेलं की एनए (आकडा नाही) करतं. मूळ आरमधलं सी-एच-ए-आर-टी-आर हे फंक्शन देवनागरी शून्य ते नऊच्या जागी इंग्रजी आकडे घालून देतं. एका ओळीचं काम. माझ्या मामाच्या साखर पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी याच पद्धतीने दोषांची नोंदवही साफ केली. तिथे अर्धी वही मराठी आकड्यांत आणि अर्धी इंग्रजीत होती.

---

सांगोला_भगवा

रॅगने वेलांटी जागेवर आली. आणि हो, दोन शीटमध्ये आकडे मराठीत निघाले, आमच्या मदतनीस दादांनी भरलेल्या. आधीच्या २६ प्लॉटमध्ये ते नव्हते, झाडांच्या पानांवरच्या रोगाच्या नोंदींमध्ये होते. ते तसेच राहिले असते तर पुढचं सगळं प्रकरण बिघडलं असतं.

मॅडम, शेवटचं. प्रबंधात सॉफ्टवेअरबद्दल काय लिहायचं? सीनियर्सच्या प्रबंधांत "आर सॉफ्टवेअर वापरले" एवढंच दिसतं.

---

अशोकचौक_मॅडम

तेवढं पुरत नाही. "आर वापरले" यावरून तुझी आकडेमोड कुणालाही पुन्हा करता येणार नाही.

सायटेशन हे फंक्शन नुसतं चालवलं की आरचा संदर्भ कसा द्यायचा ते येतं. कंसात ईएम-मीन्स लिहिलंस की त्या पॅकेजचा येतो. दोन्ही संदर्भसूचीत घाल, आवृत्तीच्या आकड्यासह. ही माणसं पॅकेजेस फुकट देतात, वर्षानुवर्षं सांभाळतात, कुणी प्रश्न विचारला तर उत्तरं देतात. आपण त्यांचं नाव सूचीत लिहिणं हा त्यांचा हक्क आहे. जी तू वापरलीस त्यांचीच नावं दे. उघडून बघितलेल्या सगळ्यांची नको.

साहित्य आणि पद्धती या प्रकरणात चार गोष्टी सांग. मॉडेल काय होतं (रेप आणि ट्रीटमेंट, क्वासीबायनॉमिअल, २६ प्लॉट, दोन प्लॉट मर रोगामुळे गेले). ट्रीटमेंटची चाचणी रेप बाजूला काढून केली. सरासऱ्या समायोजित आहेत. जोड्यांच्या तुलनेत दुरुस्ती लावली की नाही. हे वाचून एसपीएसएसवालाही तुझा तक्ता काढू शकेल.

विश्लेषण संपेल त्या दिवशी सेशन-इन्फो चालव आणि जे छापून येईल ते परिशिष्टात चिकटव. आरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, उघडी असलेली सगळी पॅकेजेस, सगळं त्यात येतं. पॅकेजेस बदलत राहतात. ज्यांची देखभाल थांबते आणि तपासणीत जी नापास होतात ती क्रॅनवरून काढून जुन्या संग्रहात ठेवली जातात. व्हायव्हाच्या वेळी कुणी "हा आकडा पुन्हा काढून दाखवा" म्हटलं तर परिशिष्टातल्या त्या पानावरून तुला तीच आवृत्ती शोधता येईल. कोडरदादांना विचारून आरएन्व्ह शिकून घे. ते एका प्रकल्पाची पॅकेजेस आवृत्त्यांसकट बांधून ठेवतं. आर फाईल, मूळ एक्सेल आणि वहीच्या पानांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेव आणि त्याची एक प्रत गाईडकडे दे.

पुढच्या वर्षीच्या प्रयोगाचा आराखडा रोपांना हात लावायच्या आधी मला पाठव. दोन ठिकाणं आहेत ना? ब्लॉक उताराला आडवे कसे पाडायचे, म्हणजे एका ब्लॉकमधली जमीन सारखी राहील, ते आपण कागदावर ठरवू. अ‍ॅग्रिकोलीत सीड (सुरुवातीचा एक ठरावीक आकडा) टाकून रँडम करू, म्हणजे तोच आराखडा पुन्हा काढता येईल. शनिवारी दुपारी मी घरीच असते.